पिल्लं दर वेळी कोंबडेच का निघतात? कोंबडी-कबुतरांचं लिंग आणि जात ओळखताना होणारी फसगत

तक्रार ठरलेली असते. इंदूरमधलं राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, नाहीतर राऊ-महूकडच्या नव्या वसाहती. गच्चीवर किंवा मागच्या अंगणात खुराडं केलेलं असतं, मुलांच्या हट्टापायी पिल्लं आणलेली असतात आणि विकणाऱ्याने "सब मादा है, भिया" असं छातीठोकपणे सांगितलेलं असतं. तीन-चार महिन्यांनी एका पहाटे एक जण आरवतो, मग दुसरा, आणि मग शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या. कबुतरवाल्यांचं रडगाणं थोडं निराळं आहे. जोडी म्हणून आणलेली दोघं गुण्यागोविंदाने नांदतात, अंडीही होतात, पिल्लं मात्र होत नाहीत. तिसरी तक्रार कडकनाथची, म्हणजे झाबुआकडच्या काळ्या कातडीच्या कोंबड्यांची. ती खिशाला जास्त लागते, म्हणून तिच्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

या तिन्हींच्या मुळाशी एकच घोळ आहे. नर-मादी ओळखायच्या ज्या खुणा लोक एकमेकांना सांगतात, त्यांतल्या बऱ्याचशा ठरावीक जातीच्या किंवा ठरावीक आईबापांच्या पिल्लांपुरत्याच खऱ्या असतात. त्या खुणा उचलून भलत्याच पिल्लाला लावल्या जातात. त्यामुळे चार दिवसांच्या पिल्लाचा फोटो पाठवून "सांगा, काय आहे?" असं विचारलं, तर प्रामाणिक माणूस आधी दोन उलट प्रश्न विचारतो: वय किती, आणि आणलं कुठून?

पिल्लू आलं कुठून

गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं टोपलीत घालून सायकलवाला गल्लीत येतो. ही पिल्लं बहुतेक वेळा अंड्यांच्या धंद्यातली उरलेली असतात. व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातीत नर पिल्लाचा हॅचरीला काही उपयोग नसतो. ते अंडी देत नाही आणि मांसही धरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी माद्या वेगळ्या काढून फार्मवाल्यांकडे जातात आणि नर कवडीमोलाने निघतात. त्यांना रंगात बुडवलं की सायकलवाल्याचा माल तयार. सहाच्या सहा कोंबडे निघाले म्हणून नशिबाला बोल लावू नका, त्या टोपलीत मादी होतीच कुठे? नवीन पिसं फुटली की रंग जातो आणि खाली पांढरं पिल्लू निघतं. लेगहॉर्नच्या नराचा तुरा लवकर वाढतो. तीन-चार आठवड्यांतच तो ताठ आणि लालसर दिसू लागतो, तिथेच उलगडा होतो.

कधी कधी टोपलीत ब्रॉयलरची पिल्लंही असतात. त्यांत नर-मादी मिसळलेली असतात खरी, पण दीड महिन्यात दोन किलोंच्या आसपास जाऊन ती स्वतःच्या पायांना जड होतात. अंगणात हौसेने पाळायची ती चीज नव्हे.

घरच्या खुडूक कोंबडीखाली २१ दिवसांनी निघालेल्या पिल्लांत नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे असतात. साधारण, कारण आठांत सहा नर येणं काही आश्चर्याचं नाही. आणि त्याचं खापर कोंबड्यावर फोडू नका. पक्ष्यांत पिल्लाचं लिंग आईच्या अंड्यात ठरतं: कोंबड्याकडे लिंग ठरवणारी दोन्ही गुणसूत्रं झेड असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आपल्याकडे मुलगा-मुलगी ठरतं त्याच्या बरोब्बर उलट.

जाता जाता: अंडी खाण्यासाठी कोंबडा लागतच नाही. कोंबडी एकटीही तितकीच अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. पिल्लं हवी असली तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. वसाहतीत राहणाऱ्यांनी हे आधीच समजून घेतलं तर काकूंशी संबंध बरे राहतील.

कुठल्या चाचण्या सोडून द्याव्या

अंडं टोकदार तर नर, गोल तर मादी. पिल्लावर धरलेली दोऱ्याची सुई गोल फिरली तर मादी, सरळ हलली तर नर. पाय धरून उलटं टांगल्यावर डोकं वर उचललं तर नर. या तिन्ही चाचण्यांचं उत्तर निम्म्या वेळा बरोबर येणारच, कारण उत्तरंच दोन आहेत. एवढ्या भांडवलावर त्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या आहेत.

पंखाच्या पिसांची चाचणी मात्र खरी आहे, आणि म्हणूनच ती जास्त फसवते. व्हिडिओत दाखवतात तसं एक-दोन दिवसांच्या पिल्लाचा पंख पसरला की पिसांच्या दोन रांगा दिसतात. खालची रांग वरच्या रांगेपेक्षा लांब असली तर मादी, दोन्ही सारख्या किंवा वरची लांब असली तर नर. हे जमतं, कारण त्या हॅचरीने मुद्दाम पिसं लवकर फुटणारा नर आणि उशिरा फुटणारी मादी यांचं मीलन केलेलं असतं. उशिरा पिसं फुटण्याचं जनुक झेड सूत्रावर बसलेलं आहे. ते आईकडून फक्त मुलग्यांकडे जातं, मुली बापावर जातात आणि लवकर पिसं काढतात. तुमच्या गावठी कोंबडीच्या पिल्लांत असं काही जुळवलेलं नसतं. तिथे लांब-आखूड पिसं म्हणजे कुठल्या पिल्लाला कधी पिसं फुटली, एवढंच कळतं. शिवाय तीन दिवस उलटले की हॅचरीच्या पिल्लांतही हा फरक पुसट होतो.

गुदद्वार दाबून आतला बारीक उंचवटा पाहण्याची पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली आणि तिथून जगभरच्या हॅचऱ्यांत गेली. ती अचूक आहे, पण ती वापरणारे लोक त्यासाठी दीर्घ प्रशिक्षण घेतात. व्हिडिओ पाहून घरी करायला गेलात तर पिल्लाच्या पोटातल्या पिवळ्या बलकाच्या पिशवीला इजा होऊन पिल्लू मरू शकतं.

देशी पिल्लाकडे कधी आणि काय पाहायचं

पहिले तीन आठवडे काही ठरवू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून एका वयाची, एका झोलीतली (एकाच वेळी निघालेली) पिल्लं शेजारी शेजारी ठेवून बघा. एकटं पिल्लू पाहून अंदाज चुकतो, तुलनेत फरक ठसठशीत होतो. एकेरी दातेरी तुऱ्याच्या पिल्लांत नराचा तुरा रुंद आणि गुलाबी-लाल व्हायला लागतो, चोचीखालच्या पाळ्या दिसू लागतात. मादीचा तुरा अजून फिकट पिवळसर, रेघेएवढा असतो. नराचे पाय जाड असतात आणि उभं राहणं ताठ.

खरी खात्रीची खूण तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला येते, आणि ती पिसांची आहे. मानेची आणि शेपटीच्या आधीच्या पाठीची पिसं हातात घेऊन टोक बघा. नरात ती लांब, निमुळती, टोकदार आणि चकचकीत होतात. मादीत टोक गोलच राहतं. नंतर शेपटीत कोयत्यासारखी वाकलेली लांब पिसं आली की वादच मिटतो. रंगाकडे लक्ष देऊ नका, टोक बघा. पांढऱ्या पक्ष्यातही टोक फसवत नाही. आरवणं ही सगळ्यात उशिराची खूण: कुणी दोन महिन्यांत घसा साफ करू लागतो, कुणी पाच महिने गप्प बसतो. खुराड्यात दांडगा कोंबडा आधीपासून असला की धाकटे बरेच दिवस तोंड उघडत नाहीत.

आता अपवाद, कारण आपल्या भागात बहुतेक गोंधळ अपवादांचाच आहे.

असीलचा तुरा वाटाण्यासारखा, डोक्याला चिकटलेला असतो, आणि चोचीखालच्या पाळ्या नरातही नावाला असतात. सगळी जात ताठ उभी राहते, पिल्लं सावकाश वाढतात. म्हणून असीलच्या मादीला लोक हमखास कोंबडा समजतात. तिथे तुरा आणि चाल दोन्ही सोडून पाठीच्या पिसांची वाट पाहायची. पायामागच्या काट्यावरही विसंबू नका. असीलच्या माद्यांना आणि इतर जातींच्या म्हाताऱ्या कोंबड्यांनाही तो येतो.

मान उघडी असलेल्या कोंबड्यांत मानेची पिसंच नसतात, मग पाठ आणि शेपटीच बघायची. (उघडी मान ही वेगळी जात नाही. एका प्रभावी जनुकाचा तो परिणाम आहे आणि कुठल्याही गावठी कळपात तो असू शकतो. उलट्या पिसांच्या कोंबडीचंही तसंच, त्यामुळे "दुर्मीळ जात" म्हणून जास्त पैसे मोजू नका.)

कडकनाथचा तुरा मुळातच काळपट-जांभळा, तेव्हा "लाल झाला का" हा प्रश्न तिथे गैरलागू. तुऱ्याचा आकार बघा, उंची बघा. पूर्ण वाढलेला कडकनाथ कोंबडा १.८ ते २ किलो, कोंबडी १.२ ते १.५ किलो, हा फरक अडीच-तीन महिन्यांतच हाताला जाणवतो.

आणि एक घाबरवणारा प्रकार. चांगली अंडी देणारी जुनी कोंबडी अंडी बंद करते, पुढच्या पिसं झडण्याच्या मोसमानंतर तिला कोंबड्यासारखी पिसं येतात आणि ती आरवतेसुद्धा. घरात लगेच अपशकुनाची चर्चा सुरू होते. कारण तिच्या शरीरात आहे: कोंबडीचं फक्त डावं अंडाशय काम करतं. ते आजाराने किंवा वयाने निकामी झालं की मादीचं संप्रेरक आटतं, आणि ते नसलं की पक्ष्याला नराचीच पिसं येतात. गोल टोकाची पिसं हा त्या संप्रेरकाचा परिणाम असतो. विकणाऱ्याने फसवलं नाही, कुणी करणी केली नाही.

पहिल्याच दिवशी रंगावरून ओळखता येतं का

येतं, पण जोडी तुम्ही जुळवली असली तरच. ऱ्होड आयलंड रेडसारखा लाल-सोनेरी कोंबडा आणि लाइट ससेक्ससारखी रुपेरी कोंबडी यांच्या पिल्लांत मुलगे फिकट पिवळे आणि मुली तांबूस निघतात. साधा, पट्टे नसलेला काळा किंवा लाल कोंबडा आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडी यांच्या काळ्या पिल्लांत मुलग्यांच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो, मुलींच्या नसतो. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा पट्टेदार आणि कोंबडी साधी, तर सगळीच पिल्लं पट्टेदार होतात आणि काही कळत नाही. आणि हे एकाच पिढीपुरतं आहे. त्या पिल्लांची आपसांत पिल्लं काढली की खूण गेली. "डोक्यावर ठिपका म्हणजे नर" हे वाक्य आईबाप न सांगता कुणी फेकलं तर ऐकून सोडून द्यावं.

कडकनाथ: खरा किती, काळा किती

झाबुआ इंदूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक काळी कोंबडी कडकनाथ म्हणून विकली जाते. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि भाव चढले, तशी भेसळही चढली.

आधी उगाच पसरलेल्या समजुती. कडकनाथचं रक्त काळं नसतं, लालच असतं. अंडं काळं नसतं. ते फिकट तपकिरी, जरा गुलाबी झाक असलेलं असतं. काळी अंडी दाखवून कुणी पैसे मागत असेल तर तिथून निघा. आणि सगळे कडकनाथ पिसांनी कुळकुळीत नसतात. जातीतच तीन प्रकार आहेत: पूर्ण काळा, पेन्सिल आणि सोनेरी. मानेवर पांढरट किंवा सोनेरी पिसं दिसली म्हणून तो संकर ठरत नाही.

पिसं बाजूला सारून कातडी बघा. जीभ, टाळू, चेहरा, पंखाखालची आणि पोटाची कातडी, पायाचे तळवे, सगळं काळं किंवा गडद करडं हवं. जिभेवर गुलाबी चट्टे, पोटाची कातडी फिकट, तुरा लालभडक, असं दिसलं तर मिसळ आहे.

यातला एक प्रकार वारंवार समोर येतो: एकाच झोलीतल्या माद्या अस्सल काळ्या दिसतात आणि नर मात्र फिके, अर्धवट काळे. मालक म्हणतो, "माद्या चांगल्या दिल्या, नरांत फसवलं." फसवणूक पूर्ण झोलीतच असते. आतली कातडी काळी करणारं जनुक एक, आणि तो काळेपणा दाबून ठेवणारं दुसरं. हे दुसरं झेड सूत्रावर असतं आणि फिक्या पायांच्या कोंबड्यांकडे ते असतं. कडकनाथ कोंबडा आणि फिक्या पायांची कोंबडी यांची पिल्लं काढली, तर दाबणारं जनुक आईकडून फक्त मुलग्यांना मिळतं, म्हणून मुलगे फिके होतात. मुलींना ते मिळत नाही, म्हणून त्या काळ्या दिसतात. बेटसन आणि पनेट या आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी १९११ मध्ये सिल्की या काळ्या कातडीच्या जातीवर हेच दाखवून दिलं होतं, आणि कातडीच्या काळेपणाचं मूळ दोन्ही जातींत एकच आहे. तेव्हा त्या सुंदर काळ्या माद्याही अर्ध्याच कडकनाथ आहेत. त्यांच्यापासून शुद्ध पिल्लं काढायचा बेत असेल तर सोडा. अंड्यांसाठी खुशाल ठेवा, उलट शुद्ध कडकनाथपेक्षा जास्तच देतील.

पिल्लं घ्यायची असतील तर झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणाहून, पावती घेऊन घ्या. हाटात घेणार असाल तर शक्य तिथे आई आणि बाप दोन्ही पाहायचा आग्रह धरा. पिल्लं निळसर-काळी, पाठीवर गडद वेड्यावाकड्या रेघा असलेली असतात, पण पहिल्या संकरातली पिल्लंही बरीच तशीच दिसतात. निव्वळ पिल्लावरून खात्री देणाऱ्याचं ऐकू नका.

वनराजा, ग्रामप्रिया, सोनाली, जबलपूरची नर्मदानिधी, ही नावं तुम्ही ऐकलेली असतील. हे तयार केलेले संकर आहेत, अंगणासाठी उत्तम, पण त्यांची पुढची पिढी आईबापांसारखी होत नाही. कुणी उंच, कुणी बुटकं, अंडीही कमी-जास्त. शेजाऱ्याने वनराजाची म्हणून दिलेली पिल्लं वनराजासारखी दिसत नाहीत यात शेजाऱ्याचा दोष नाही. आणि बाकी जी असंख्य ठिपकेदार, तांबूस, करडी कोंबडी आहे तिला गावठी म्हणा आणि सोडा. तिची जात शोधण्यात आयुष्य घालवू नये.

कबुतरं: अंड्यावर कोण केव्हा बसतं ते बघा

कबुतरांत नर आणि मादी दिसायला सारखेच. नराचं डोकं थोरलं, मान जाड, हे एकाच जातीच्या एकाच ढाबळीत तुलना करताना उपयोगी पडतं. होमर आणि लक्का अशा दोन निराळ्या जातींची तुलना करून काहीच कळत नाही. पोटाखालच्या दोन हाडांमधलं अंतर मादीत जास्त असतं, पण अंडी घातलेल्या मादीत; कोवळ्या मादीत ती हाडं नरासारखीच जवळ असतात. घुमणं, मान फुगवून गोल गोल फिरणं, शेपूट जमिनीला घासत मागे लागणं हे नराचं काम. पण रागीट मादीही दुसऱ्या मादीसमोर हे सगळं करते. चोचीत चोच घालताना जी आपली चोच दुसऱ्याच्या चोचीत घालते ती बहुधा मादी.

सगळ्यात भरवशाची खूण वेळापत्रकाची आहे. अंडी झाल्यावर नर साधारण सकाळी नऊ-दहापासून दुपारी चार-पाचपर्यंत बसतो, आणि मादी संध्याकाळपासून रात्रभर सकाळपर्यंत. दुपारी एकला ढाबळीत डोकावा, बसलेल्याच्या पायात रंगीत कडी अडकवा. रात्री पुन्हा बघा. काम झालं.

पिल्लं होत नाहीत, या तक्रारीचं उत्तर अंडी मोजण्यात आहे. एक मादी एका खेपेला दोन अंडी घालते, दुसरं अंडं पहिल्यानंतर दीड-दोन दिवसांनी. घरट्यात तीन किंवा चार अंडी दिसली तर तुमच्याकडे दोन माद्या आहेत. त्या एकमेकींशी जोडी जमवतात, दोघी अंडी घालतात, आळीपाळीने उबवतात आणि सगळी अंडी वांझ. सहाव्या-सातव्या दिवशी अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरा. भरलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, वांझ अंडं स्वच्छ राहतं. उलट घरटं झालं, दोघं तासन् तास त्यात बसून घुमतात आणि महिनोन् महिने एकही अंडं नाही, तर दोघंही नर असण्याची शक्यता मोठी. दोन अंडी, दोन्ही वांझ, आणि दुपारी-रात्री बसणारे निराळे, तर जोडी बरोबर आहे. मग कोवळं वय, आहार किंवा आजार तपासा. पाच-सहा महिन्यांच्या जोडीची पहिली अंडी बऱ्याचदा फुकट जातात. भरलेली अंडी १७-१८ दिवसांत फुटतात. त्याहून चार दिवस जास्त झाले तर काढून टाका, नाहीतर मादी उगाच झिजते.

रंगाची एक खूण कबुतरांतही पक्की आहे. राखी अंगावर लाल पट्ट्या किंवा लाल छटा असलेल्या कबुतराच्या पंखांत, शेपटीत शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे डाग असले तर तो नर समजावा. लाल रंगाखाली निळ्या-काळ्याचं जनुक दडवून ठेवायला दोन झेड लागतात, मादीकडे एकच असतं. तसंच नर निळा आणि मादी अशी लाल असली, तर पिल्लांत लाल ते मुलगे, निळ्या त्या मुली. उलट जोडीत हा नियम चालत नाही.

जातीबद्दल थोडक्यात. राजवाड्याच्या सज्जावर बसतो तो निळसर, पंखावर दोन काळे पट्टे असलेला पारवा. त्याच्यासारख्या रंगाचं कबुतर कुठल्याही जातीत निघू शकतं, तेव्हा रंगावरून जात ठरवू नका. लक्क्याची शेपटी मोजा. साध्या कबुतराला शेपटीची १२ पिसं असतात, चांगल्या लक्क्याला ३० ते ४०. मधला आकडा आला की संकर. शिराजी मोठा, पायांवर पिसं, खालून पांढरा आणि वरून रंगीत. मुक्खीच्या डोक्यावर पांढरी टोपी असते आणि मान सतत थरथरते. नवख्या माणसाला ते दुखणं वाटतं आणि तो औषध शोधत फिरतो. लोटन हलवून जमिनीवर सोडलं की कोलांट्या खातं. ते खरं आहे का हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा हलवत बसणारे महाभाग असतात. पक्षी दमून मरतो, असं करू नका.

एवढं करूनही उलगडा झाला नाही आणि पक्षी महागाचा असेल तर डीएनए तपासणी करून घेता येते. अनेक खासगी प्रयोगशाळा पोस्टाने नमुना घेतात. छातीची दोन-तीन पिसं मुळासकट ताजी उपटून, मूळ हाताला न लावता कागदी पाकिटात घाला. खाली पडलेलं पीस बऱ्याचदा चालत नाही, आणि ते कुणाचं हेही सांगता येत नाही. प्रत्येक पक्ष्याचं पाकीट वेगळं ठेवा, त्यावर कडीचा रंग लिहा. कोंबडीच्या पिल्लासाठी मात्र एवढा खर्च करू नका, तीन महिन्यांचं होईपर्यंत थांबलात तर पाठीची पिसं हेच उत्तर फुकट देतील.